बोर्नचं 'स्वान लेक' कसं पाहावं

ब्रिटिश नृत्यरचनाकार मॅथ्यू बोर्नचं 'स्वान लेक', म्हणजे चायकोव्हस्कीच्या जुन्या बॅलेची नवी मांडणी, ९ नोव्हेंबर १९९५ रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. तेव्हापासून त्याची ओळख एकाच वाक्यात उरकली जाते: यातले राजहंस पुरुष आहेत. ओळख खोटी नाही. पण तेवढ्याच भांडवलावर पाहायला बसलात, तर पहिला अंक 'हंस कधी येणार' यातच जातो आणि पुढच्या तिन्ही अंकांची पेरणी नजरेतून सुटते. खरा बदल वेगळाच आहे. जुन्या गोष्टीत दुष्ट जादूगार आहे, शाप आहे, शापामुळे हंस झालेली राजकन्या आहे. बोर्नच्या गोष्टीत यातलं काहीच नाही. जे काही बिघडतं ते राजवाड्यात, आई आणि मुलगा यांच्यात बिघडतं. म्हणून नजर हंसावर नाही, राजपुत्रावर ठेवायची. बाकीचं मार्गदर्शन त्याच्याच पोटात येतं.

आधी जुनं, पण सगळं नको

मूळ बॅले अजिबात न पाहता बोर्न पाहिला तरी गोष्ट कळते, कारण ती स्वतंत्रपणे उभी आहे. मजा मात्र अर्धी होते. त्यावर उपाय म्हणून चार अंकी पारंपरिक प्रयोग आधी सलग पाहायचं ठरवलंत, तर बहुतेकदा बोर्नपर्यंत पोचणंच होत नाही. मधला मार्ग असा: पारंपरिक 'स्वान लेक'चा फक्त दुसरा अंक पाहा, म्हणजे तळ्याकाठचा. अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं.

पार्श्वभूमी एवढी पुरे. चायकोव्हस्कीने हे संगीत १८७५-७६ मध्ये लिहिलं. पहिला प्रयोग १८७७ मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात झाला, नृत्यरचना युलियुस रायझिंगरची. तो फारसा गाजला नाही. आज आपण ज्याला पारंपरिक म्हणतो ते रूप १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात घडलं. तेव्हा चायकोव्हस्की हयात नव्हता. राजवाड्याचे अंक मारियुस पेतिपाने बसवले, तळ्याकाठचे लेव्ह इवानोव्हने. संगीतात कापाकापी आणि हलवाहलव केली रिकार्दो द्रिगोने. तिसऱ्या अंकात 'काळ्या हंसिणी'चं म्हणून जे संगीत जगभर वाजतं, ते मुळात पहिल्या अंकासाठी लिहिलेलं होतं. 'बोर्नने अभिजात कलाकृतीला हात कसा लावला?' असं कोणी विचारलं तर हे सांगायला हरकत नाही. हात लावायला सुरुवात बोर्नच्या शंभर वर्षं आधीच झाली होती.

मारिन्स्कीचं २००६ चं चित्रीकरण (उल्याना लोपात्किना आणि दानिला कोर्सुन्त्सेव्ह) दुसऱ्या अंकासाठी उत्तम आहे. हात कसे असावेत ते लोपात्किनाकडे पाहून कळतं. पण शेवटाची तुलना या चित्रीकरणाशी करू नका. मारिन्स्कीत सोव्हिएत काळापासून चालत आलेला सुखान्त आहे: राजपुत्र जादूगाराचा पंख उपटतो आणि सगळं गोड होतं. बोर्नचा शेवट त्यासमोर ठेवला की उगाच अंगावर येतो. शेवटासाठी रॉयल बॅलेचं २००९ चं चित्रीकरण घ्या. त्यात प्रेमी जीव तळ्यात जीव देतात आणि मरणानंतर एकत्र येतात. बोर्नचं शेवटचं दृश्य या परंपरेशी बोलतं.

पारंपरिक दुसऱ्या अंकात तीनच गोष्टी टिपून ठेवा.

पहिली, चार छोट्या हंसांचं नृत्य. जेमतेम दीड मिनिटाचं. चार नर्तिका एकमेकींचे हात आडवे गुंफून उभ्या, चौघींची मान एकाच वेळी वळते, आणि मांजरासारखी ती छोटी उडी, पा द शा, एकामागून एक १६ वेळा. एकीचा पाय चुकला तर चौघी अडखळतात.

दुसरी, व्हायोलिनवरचं युगुलनृत्य. वीणेसारखी हार्प वाजते, मग एकटं व्हायोलिन, पुढे त्याच्या जोडीला चेलो. कोण कोणाला आधार देतंय, कोण कोणावर रेलतंय, एवढंच पाहा. जाता जाता एक गंमत: १८९५ मध्ये राजपुत्र झालेला पावेल गेर्त पन्नाशीत होता, त्यामुळे नायिकेला सावरायला राजपुत्राचा मित्र बेन्नोसुद्धा त्या नृत्यात होता. प्रेमिकांच्या एकांतात चक्क तिसरा माणूस.

तिसरी, हात. लाट पाठीतून, खांद्याच्या पात्यापासून निघते, कोपरातून जाते आणि मनगट सगळ्यात शेवटी वाकतं. शरीराचा सारा ओढा वर, पॉइंट शूजच्या (पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहता यावं म्हणून पुढे कडक केलेल्या बुटांच्या) टोकावर.

कोणतं चित्रीकरण घ्यावं

प्रत्यक्ष प्रयोग लंडनमध्ये किंवा दौऱ्यावर असेल तिथे. बहुतेकांच्या वाट्याला चित्रीकरणच येतं. तीन प्रमुख आहेत. १९९६ चं, ज्यात मूळ संचातले ॲडम कूपर (हंस) आणि स्कॉट ॲम्बलर (राजपुत्र) आहेत. २०१२ चं, रिचर्ड विन्झर आणि डॉमिनिक नॉर्थ यांचं. आणि २०१९ चं, विल बोझियर आणि लियम मोअर यांचं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने २०१९ चं घ्यावं. चित्र स्वच्छ आहे, पॉल कॉन्स्टेबलने नव्याने केलेली प्रकाशयोजना कॅमेऱ्यात नीट उतरली आहे, हंसांच्या रांगा पूर्ण दिसतात. १९९६ चं नंतर पाहा, पण पाहाच. चित्राचा दर्जा जुन्या टीव्हीचा असला तरी कूपरच्या हंसात जी हिंस्र बेफिकिरी आहे ती पुढच्यांनी आपापल्या परीने शोधली, आणि ॲम्बलरचा राजपुत्र नाचण्याआधीच खचलेला दिसतो. '१९९६ चंच खरं' असं म्हणणारे जुने चाहते भेटतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सुरुवातीला त्यांचं ऐकू नका.

तुकड्या-तुकड्याच्या क्लिप पाहून सुरुवात करू नये. सगळ्यात जास्त फिरणारी क्लिप हंसांच्या समूहनृत्याची असते. तिच्यातून अंगावर येणारी ताकद दिसते, मात्र ते हंस कोणाला दिसताहेत हेच कळत नाही. आणि बोर्नची अख्खी गोष्ट त्या प्रश्नावर उभी आहे.

शक्यतो हेडफोन लावा. पॉइंट शूज नाहीत, पाय अनवाणी, त्यामुळे टाचा आपटल्याचा आवाज येतो. हंस फुत्कारतात, जोराने श्वास सोडतात. टीव्हीच्या बारीक स्पीकरवर हे सगळं संगीताखाली दबून जातं. थिएटरात पाहणार असाल तर पहिल्या रांगेच्या तिकिटावर पैसे घालवू नका. वरच्या मजल्यावरची पुढची रांग बरी: हंसांच्या आकृत्या आणि जमिनीवरचा प्रकाश तिथून उलगडतो. मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास बसावं लागतं.

पहिला अंक: हंस नाहीत, तरी इथेच सगळं आहे

सुरुवात होते ती पलंगावरच्या मुलाने. त्याला वाईट स्वप्न पडतं आणि खिडकीत हंस दिसतो. आई येते, पण त्याला जवळ घेणं तिला जमत नाही. तो पलंग, ती खिडकी आणि आईचे ते आखडलेले हात मनात नोंदवून ठेवा. लेझ ब्रदरस्टनच्या नेपथ्यात पलंग मुद्दाम अवाढव्य आहे, आणि शेवटच्या अंकात गोष्ट याच पलंगावर परत येते.

मग मुलगा मोठा होतो, समारंभांची रांग लागते. सगळं चटपटीत आणि विनोदी आहे. १९९५ चा ब्रिटन आठवा: राजघराण्यातले मोडलेले संसार रोज वर्तमानपत्रांत छापून येत होते. थट्टेचा रोख त्या प्रेक्षकाला सांगावा लागला नाही.

या अंकात चार माणसांकडे लक्ष द्या. राणी सैनिकांकडे ज्या नजरेने पाहते ती मुलाच्या वाट्याला कधी येत नाही. प्रायव्हेट सेक्रेटरी कोपऱ्यात उभा राहून सगळी सूत्रं हलवतो. जुन्या गोष्टीतल्या जादूगाराची सावली शोधायचीच असेल तर ती त्याच्यात सापडेल, पण त्याच्याकडे जादू नाही, फक्त सत्तेतली जागा आहे. राजपुत्राची प्रेयसी उथळ वाटते. तिला दरबारी रीतभात ठाऊक नाही आणि त्यावर आपण हसतो. तिचा हिशेब तिसऱ्या अंकासाठी राखून ठेवा. चौथा स्वतः राजपुत्र. तो नाचतो कमी, इतरांकडे पाहतो जास्त.

मध्येच सगळे शाही कक्षात बसून एक बॅले पाहतात. पंख लावलेल्या नर्तिका, जंगल, भडक अभिनय. नवखा प्रेक्षक इथे फसतो आणि 'हे तर जुनाटच आहे' असं समजतो. ते विडंबन आहे. बोर्न आधी जुन्या परीकथा-बॅलेची टर उडवून घेतो आणि मग त्याच साच्यातून गंभीर काम काढतो. नजर रंगमंचावरच्या रंगमंचाकडे कमी आणि कक्षात बसलेल्यांकडे जास्त असू द्या.

त्यानंतर आरशासमोरचं आई-मुलाचं युगुलनृत्य येतं. तो तिला धरू पाहतो, ती सुटू पाहते. हे नृत्य घाईत पाहू नका. वाटलं तर मागे जाऊन परत पाहा. पुढच्या अंकात हंस राजपुत्राला जे देतो ते नेमकं इथे नाकारलं गेलेलं असतं. पुढचं भरभर घडतं: बार, मारामारी, रस्ता, आणि पैसे घेताना दिसलेली प्रेयसी. राजपुत्र तळ्याकाठच्या बागेत आत्महत्येची चिठ्ठी लिहितो.

दुसरा अंक: एकच संगीत, दोन शरीरं

ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यावर ती प्रसिद्ध धून सुरू झाली की आधी पाहिलेला पारंपरिक अंक आठवा. इथे खरी कसोटी आहे. चायकोव्हस्कीचे काही तुकडे बोर्नने हलवले आहेत, पण या अंकाचा गाभा ओळखता येतो. संगीताला धरून चाला. पायांची तुलना करत बसलात तर तासाभरात दमाल.

वेशभूषेपासून सुरुवात करा. गुडघ्याखालपर्यंत येणारी, पिसांसारख्या झिरमिळ्यांची विजार, उघडी छाती, पांढरा रंग फासलेलं अंग, बारीक कापलेले केस, कपाळावरून नाकाकडे उतरणारा काळा पट्टा. टुटूचा, म्हणजे बॅले नर्तिकेच्या फुलारलेल्या आखूड झग्याचा, मागमूस नाही. बालगंधर्वांची आठवण ठेवणाऱ्या मराठी प्रेक्षकाला 'पुरुषांनी स्त्रीभूमिका केल्या' असं पटकन वाटू शकतं. तसं नाही. इथे पुरुष बायकांचं सोंग घेत नाहीत. हे नर हंस आहेत. टुटू आणि पॉइंट शूज घालून नाचणारे पुरुष पाहायचे असतील तर त्यासाठी १९७४ पासून ट्रॉकाडेरो ही मंडळी आहेत. ते काम विनोदाचं आहे आणि फार कसबाचं आहे, पण ते वेगळं काम.

आपल्या कवितेतला हंस नीरक्षीरविवेक करणारा, शांत. लंडनच्या बागेतला हंस तसा नसतो. पिल्लांच्या जवळ गेलात तर पंख उभारून, फुत्कार करत धावून येतो. बोर्नने तो हंस घेतला. इंग्लंडात खुल्या पाण्यातल्या, खूण न केलेल्या म्यूट जातीच्या हंसांवर राजसत्तेचा हक्क मानला जातो, हा संदर्भही ठेवा. राजपुत्राच्या घराण्याच्या मालकीची म्हणवली जाणारी ही पाखरं, आणि त्याच्यावर गुरगुरणारी.

आता टिपून ठेवलेल्या तीन गोष्टी ताडून पाहा. चार छोट्या हंसांच्या संगीतावर इथे चार आडदांड पोरं येतात. मूळ नृत्यात हात गुंफल्यामुळे कोणालाच मोकळीक नाही. इथे तो नाजूक नेमकेपणा जड पावलांनी मोडला आहे. हसू येतं, यायलाच हवं. मात्र संगीताची प्रत्येक ठेच पकडलेली आहे हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं.

हात पाहा. हंस एक हात डोक्यावरून पुढे आणतो, कोपर वाकलेलं, मनगट चोचीसारखं खाली. चेहरा त्या हाताच्या चौकटीत. पारंपरिक हंसिणीचे हात पंख असतात. इथला हात कधी पंख, कधी मान, कधी हत्यार.

आणि व्हायोलिनवरचं युगुलनृत्य. सहा-सात मिनिटं. इवानोव्हच्या रचनेत राजपुत्र उभा आणि ओडेट, म्हणजे शापाने हंस झालेली राजकन्या, त्याच्यावर रेलते. इथे आधार देणारा हंस आहे. राजपुत्र बिचकत हात पुढे करतो, हंस मान घासतो, शेवटी त्याला लहान मुलासारखं उचलून घेतो. आरशासमोर आईने जे केलं नाही तेच. म्हणून या नृत्याला 'दोन पुरुषांची प्रेमकथा' एवढंच म्हणून थांबलात तर अर्धं हाती लागतं, आणि 'त्यात प्रेम नाहीच, सगळं प्रतीकात्मक आहे' म्हणालात तरी अर्धंच. ओढ आणि आईची भूक, दोन्ही एकाच उचलीत आहेत. अंक संपताना राजपुत्र चिठ्ठी फाडतो.

हे शरीरात कळावं म्हणून पाच मिनिटं

नाचता येत नसलं तरी करून पाहा. जागा दोन्ही बाजूंना हात पसरतील एवढी. फरशीवर उड्या नकोत, नडगी दुखते. सतरंजी किंवा लाकडी जमीन असेल तरच.

आधी टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा, मान लांब, आणि दोन्ही हात खांद्याच्या पात्यांपासून हळू वर न्या. चार आकड्यांत वर, चारात खाली. मनगट शेवटी. खांदे कानाकडे चढतात. सगळ्यांचेच चढतात, कारण आपण हात दंडातून उचलतो, पाठीतून नाही. मग टाचा टेकवा, पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा, गुडघे वाकवा. भरतनाट्यम शिकलेल्यांनी अरमंडीतलं वजन आठवावं. जमिनीकडे जाणारा तो भार इथे उपयोगी पडतो. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहू द्या, आत वळले तर दुखतील. एक हात डोक्यावरून चोचीसारखा आणा आणि दातांतून आवाज करत श्वास सोडा. दोन्ही प्रकार पाठोपाठ केल्यावर बोर्नने काय उलटवलं ते पोटऱ्यांना समजतं: एकात वजन लपवायचं, दुसऱ्यात दाखवायचं.

तिसरा अंक: खरं काय आणि मनातलं काय

नाचरंगाची मेजवानी. पारंपरिक प्रयोगात इथे पांढऱ्या ओडेटसारखीच दिसणारी काळी ओडिल येते, दोन्ही भूमिका एकाच नर्तिकेच्या, आणि १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानीने मारलेल्या ३२ फुएतेंची (एका पायावरच्या सलग गिरक्यांची) आजही लोक मोजदाद करतात. बोर्नकडे त्यांची वाट पाहू नका. हंस झालेलाच नर्तक इथे काळ्या चामडी विजारीत, हातात चाबूक घेऊन 'अनोळखी पाहुणा' म्हणून येतो आणि देशोदेशीच्या राजकन्यांपासून राणीपर्यंत एकेकीला खेळवतो. स्पॅनिश, हंगेरियन, नेपल्सची अशी जी नृत्यं जुन्या प्रयोगात पाहुणचाराचा भाग म्हणून येतात, त्यांना इथे काम मिळतं: प्रत्येक नृत्यात राजपुत्राची असूया एक पायरी वर चढते.

गोंधळ होतो तो पाहुणा आणि राजपुत्र समोरासमोर नाचतात तेव्हा. ते घडतंय की राजपुत्राला वाटतंय? प्रकाश कधी बदलतो तिकडे लक्ष ठेवा. पाहुणा सिगारेटच्या राखेने कपाळावर पट्टा ओढतो तो क्षणही चुकवू नका. फार झटपट होतो. शेवटी पिस्तुलं निघतात, गोळी प्रेयसीला लागते. पैसे घेणारी, उथळ वाटलेली तीच एक राजपुत्राच्या आड येते.

चौथा अंक

छोटा आहे आणि विनोद संपलेला आहे. राजपुत्रावर उपचार चाललेत, परिचारिकांच्या चेहऱ्यांवर राणीचे मुखवटे. पहिल्या अंकातला पलंग आठवतो ना? हंस त्याच्याखालून निघतात. कळपाने आपल्याच एकावर उलटणं हा भाग काहींना अनाकलनीय वाटतो. दुसऱ्या अंकातच त्यांनी राजपुत्राला हुसकावलं होतं आणि नायक हंसाने त्यांना आवरलं होतं, हे आठवलं तर कोडं राहत नाही. शेवटच्या काही सेकंदांत वर, खिडकीकडे पाहा. राणी खाली आहे, आणि तिथेच नजर अडकते.

यानंतर

लगेच दुसरी नवी मांडणी पाहायची तर स्वीडनच्या मात्स एकचं १९८७ चं 'स्वान लेक' घ्या. त्यात टक्कल केलेले हंस आहेत, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. बोर्नपेक्षा ते अधिक खडबडीत आणि कमी प्रेमळ. एकच्याच १९९६ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त चरख्याच्या चातीऐवजी हेरॉइनची सुई आहे; मुलांना सोबत बसवण्याआधी विचार करा. बोर्नची 'स्लीपिंग ब्यूटी' २०१२ ची. त्यात शंभर वर्षांच्या झोपेची अडचण रक्तपिपासूंच्या मदतीने सोडवली आहे, कारण प्रियकराला तेवढं जगवायचं कसं हा प्रश्न जुन्या बॅलेने कधी विचारलाच नव्हता. तोडगा मजेदार आहे, पण 'स्वान लेक'ची धार तिथे नाही. बोर्नचीच 'सिंड्रेला' (१९९७) दुसऱ्या महायुद्धातल्या, बॉम्ब पडणाऱ्या लंडनमध्ये घडते, आणि प्रोकोफिएव्हचं संगीत त्याच काळात लिहिलेलं असल्याने तिला ही जागा चपखल बसते. बोर्नच्या या दोन्हींतून एक निवडायची तर आधी 'सिंड्रेला'.